वणवा विझवणाऱ्याच्या घरामागे कोण उभं राहणार?

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया-भंडारा भागातल्या नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला आणि दोघे गंभीर भाजले. हे कायम नोकरीतले लोक नव्हते. रोजंदारीवर, हंगामापुरते कामाला घेतलेले जंगलकाठच्या गावातले मजूर होते. त्याच्या आदल्या वर्षी, १६ फेब्रुवारी २०२० ला केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात तीन वनराखणदार असेच गेले. १३ जून २०२४ ला उत्तराखंडमध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात चार जण गेले आणि चार भाजले. राज्य वेगळं, जंगल वेगळं. पण आगीपुढे उभा राहणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, हातावर पोट असलेला.

अशी बातमी आली की आपण दोन दिवस हळहळतो. पण मरणाऱ्याची बायको, त्याची आई, त्याची पोरं यांचं पुढे काय होतं, हे कुणी छापत नाही. आरोग्याच्या पानावर हा विषय मुद्दाम घेतला आहे. कारण घरातला कमावता माणूस भाजला किंवा गेला, की त्या घराची तब्येत वर्षभरात ढासळते. पोरांचं दूध बंद होतं, सासूची बीपीची गोळी बंद होते, बाई रात्री झोपत नाही आणि सकाळी कामाला जाते.

तुम्ही म्हणाल, अंजूरच्या गोदामात माल चढवणाऱ्याला नागझिऱ्याच्या वणव्याचं काय? आपल्या वस्त्यांमधली कितीतरी घरं विदर्भातून, मराठवाड्यातून पोटासाठी इथं आली. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा गावाकडे उन्हाळ्यात वनखात्याच्या कामावर जातो. आणि वणवा फार लांब नाही. अंजूरफाट्यावरून चिंचोटीकडे निघालं की तुंगारेश्वरचा डोंगर लागतो. पलीकडे शहापुरात तानसाचं जंगल. उन्हाळ्यात गवत वाळलं की डोंगरावर आगीची रेघ दिसते. ती विझवायला कुणीतरी वर चढलेलं असतं. शिवाय पुढे जे हक्क सांगणार आहे, त्यातले बहुतेक गोदामातल्या हमालालाही लागू आहेत.

हे काम असतं तरी कसं

आपल्याकडे वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी जाळरेषा काढतात. म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातलं गवत, पालापाचोळा कापून, जाळून साफ करायचा, म्हणजे आग आली तरी पट्टा ओलांडून पुढे जाऊ नये. हंगामात वनरक्षकाबरोबर रोजंदारीचे मजूर गस्त घालतात. आग दिसली की ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवायची. आता अनेक ठिकाणी पाठीवरचे ब्लोअर आले आहेत. त्यांच्या हवेने पाचोळा बाजूला सारतात. पाण्याचा बंब डोंगरावर चढत नाही. त्यामुळे सगळी भिस्त माणसाच्या हातापायावर.

धोका तीन गोष्टींचा. पहिला वारा. तो फिरला की विझवणारा माणूसच आगीच्या मध्ये सापडतो. चढावर आग माणसापेक्षा वेगाने धावते. दुसरा धूर. तिसरा उन्हाचा तडाखा. एप्रिल-मे मधलं ऊन, वर आगीची धग आणि पाण्याची बाटली एकच.

म्हणून घरातून निघतानाच काही गोष्टी बघाव्यात. अंगात सुती, जाड, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सुती पँट हवी. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टरचा कपडा धगीने वितळतो आणि कातडीला चिकटतो. चप्पल नाही, बूट हवेत. तोंडाला ओला सुती रुमाल बांधला तर राख कमी जाते, पण विषारी वायू त्याने अडत नाही, हे लक्षात ठेवा. पाणी किमान तीन-चार लिटर आणि ओआरएसच्या पुड्या. एकट्याने आगीकडे जायचं नाही आणि परत यायची वाट आधी बघून ठेवायची. घरी आल्यावर धुराचे कपडे पोरांच्या कपड्यांबरोबर धुवू नका, वेगळे धुवा. आंघोळ करूनच बाळाला जवळ घ्या.

भाजल्यावर पहिला अर्धा तास

मी भाजलेल्यांच्या वॉर्डात काम केलं आहे. तिथं येणाऱ्या कित्येक जखमांवर आधी टूथपेस्ट, हळद, शाई, तूप लावलेलं असायचं. ते खरवडून काढताना पेशंट किंचाळतो आणि जखमेत जंतू आधीच गेलेले असतात. म्हणून हे पाठ करा:

१. भाजलेल्या भागावर वीस मिनिटं साधं, वाहतं पाणी सोडा. बर्फ नको. थोडा वेळ गेला असला तरी तीन तासांच्या आत पाण्याचा फायदा होतो.

२. अंगठी, कडं, घड्याळ, पट्टा लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत. कपडे काढा, पण कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका.

३. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. फोड फोडू नका. काहीही लावू नका.

४. बाकीचं अंग पांघरुणाने झाका. खूप भाजलेल्या माणसाला लवकर थंडी भरते.

५. १०८ ला फोन करा. माणूस शुद्धीत असेल, उलटी होत नसेल आणि दवाखाना लांब असेल तर घोट-घोट पाणी चालेल.

किती भाजलं हे कळायला सोपा हिशोब आहे. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. मोठ्या माणसात पंधरा-वीस तळहातांएवढं भाजलं असेल तर सलाईनशिवाय जीव धोक्यात येतो. चेहरा, हात, पाय, जांघ, सांधा यांवर थोडं भाजलं तरी मोठ्या दवाखान्यात दाखवावं. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

वणव्यात एक फसवी गोष्ट असते. माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, पण आत धूर गेलेला असतो. आवाज घोगरा झाला, नाकातले केस जळाले, थुंकी काळी आली, दम लागला, तर रात्र काढू नका. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस असंबद्ध बोलतो, ही कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं असू शकतात. अशा वेळी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९८ दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. ते यंत्र इथं फसतं. पेशंटला ऑक्सिजन लागतो, तो दवाखान्यातच मिळतो.

आपल्या भागातून ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आणि मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय ही भाजलेल्यांसाठीची माहितीतली ठिकाणं. भाजल्याचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या दवाखान्यात रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आरोग्यमित्राला भेटा. पैसे भरायच्या आधी भेटा, नंतर नाही.

घरी आणल्यावरची खरी लढाई

वॉर्डातून सुट्टी मिळाली म्हणजे बरं झालं असं होत नाही. भाजलेली कातडी भरताना आखडते. मान भाजलेल्या माणसाला उशी दिली तर हनुवटी छातीला चिकटत जाते. कोपर दुमडून ठेवला तर तो तसाच राहतो. पेशंटला आखडलेल्या स्थितीत बरं वाटतं, म्हणून घरचे दया करून तसंच राहू देतात. ही दया त्याला अपंग करते. मानेखाली उशी नको. हात सरळ आणि अंगापासून लांब ठेवा. सांगितलेले व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा, दुखलं तरी, करवून घ्या. पट्टीचे घट्ट कपडे दिले असतील तर ते महिनोन्‌महिने घालायचे असतात.

खायला प्रोटीन भरपूर लागतं. अंडी, डाळी, चणे, शेंगदाणे, सुकट, जवळा, मासळी, जे परवडेल ते रोज. "भाजलंय, अंडी देऊ नका, पू होतो" हा समज चुकीचा आहे. जखम भरली की खाज सुटते; खोबरेल तेलाने हळू मालिश करा आणि वर्षभर नवी कातडी उन्हापासून झाका.

मनाचंही बघा. आगीतून वाचलेला माणूस रात्री दचकून उठतो, चुलीजवळ जायला घाबरतो, लहानसहान गोष्टीवर चिडतो, दारूकडे वळतो. सोबतचा मेला आणि आपण वाचलो, याचा सल वेगळाच असतो. हा भित्रेपणा नाही, दुखणं आहे. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

जलदान विधीनंतर

माणूस गेला की आपल्यात पहिले काही दिवस घर भरलेलं असतं. वस्तीतल्या बाया भाकरी आणतात, मंडळाचे लोक धावपळ करतात. जलदान विधी, पुण्यानुमोदन होतं आणि लोक आपापल्या कामाला लागतात. खरी मदत तिथून पुढे लागते, कारण कागदांची, सह्यांची आणि पैशांची वेळ तेव्हाच येते.

त्या बाईसमोर कुणीतरी कागद ठेवतो. "सही कर, पैसे मिळतील." त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की सगळी भरपाई मिळाली, आता तक्रार नाही. वाचल्याशिवाय, मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये.

आता कायद्याचं ऐका. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. कोणत्या कामातल्या कामगाराला भरपाई मिळते याची यादी त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्या यादीत जंगलातली आग आटोक्यात आणणं किंवा विझवणं हे काम शब्दाने लिहिलेलं आहे. अग्निशमन दलाचं कामही आहे, मालाची चढ-उतारही आहे. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. म्हणजे वणव्यात गेलेल्या मजुराच्या घरच्यांनी हात पसरायचे नाहीत, दावा लावायचा. रोजंदारीवर होता, हंगामी होता, ठेकेदाराचा माणूस होता, म्हणून हा हक्क जात नाही. ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाकडे मागता येतं.

रक्कम किती? महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. वय ३० असेल तर तो आकडा २०७.९८ आहे. मजुरी महिना १०,००० धरली तर ५,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १०,३९,९०० रुपये. हिशोबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी साठ टक्के. काही महिने काम बंद पडलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या पंचवीस टक्के. उपचाराचा खर्च वेगळा. या आकड्यांपुढे कुणी पन्नास हजार देऊन मिटवतो म्हणाला, तर तो किती बुडवतोय ते बघा.

मृत्यूची भरपाई थेट बाईच्या हातात देऊन मालकाची जबाबदारी संपत नाही. ती आयुक्ताकडे जमा करावी लागते. आयुक्त ती पत्नी, लहान मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांच्यात वाटतात आणि बाईच्या व अज्ञान मुलांच्या नावाने बँकेत ठेवायला लावू शकतात. हे महत्त्वाचं आहे, कारण भरपाईचे पैसे दीर, सासरा, सावकार यांच्या हाती जाऊन सहा महिन्यांत संपल्याचं आपण पाहतो. दावा दोन वर्षांच्या आतच लावा. कामगार न्यायालयात चौकशी करा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जातीच्या लोकांना मोफत वकील मिळतो. फोन १५१००. तुमच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल तर वाट वेगळी: तिथं कामावर मृत्यू झाल्यास अवलंबितांना मजुरीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत दरमहा पेन्शन आहे.

अनुकंपा नोकरी मात्र साधारणपणे कायम कर्मचाऱ्याच्या वारसालाच मिळते. रोजंदारीवाल्याच्या बायकोला "नोकरी लावून देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर सावध राहा. वनखात्याकडून काय मदत लागू होते ते त्यांच्या कार्यालयाला लेखी अर्ज करून विचारा आणि पोचपावती घ्या.

हे कागद जपा

• मृत्यूची किंवा अपघाताची पोलिसांतली नोंद, पंचनाम्याची प्रत
• शवविच्छेदनाचा अहवाल. "कापाकापी नको" म्हणून ते टाळलं तर पुढचा दावा लंगडा पडतो
• मृत्यूचा दाखला; त्यातलं नाव आधारप्रमाणेच आहे का ते पाहा
• दवाखान्याचे सगळे केसपेपर, बिलं
• मजुरी जमा झालेलं बँकेचं पासबुक, हजेरीपटाचा फोटो, कामावरचे फोटो, साहेबाचे मेसेज
• त्या दिवशी सोबत असलेल्या दोघातिघांची नावं आणि फोन
• लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, जातीचा दाखला

कामावर असल्याचा पुरावा हीच सगळ्यात कच्ची बाजू असते. म्हणून जिवंतपणीच, महिन्यातून एकदा, हजेरीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घरच्या माणसाला पाठवायची सवय लावा.

आजच करता येण्यासारखं

बँकेत किंवा पोस्टात दोन विमे मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना: वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी खात्यात शिल्लक हवी. वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही तपासा. आणि विमा काढला आहे हे बायकोला सांगा. तिला माहीत नसेल तर ती दावा कशी करणार?

माणूस गेल्यावर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० मिळतात. एक पालक गेलेल्या मुलांसाठी महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. मुलाला महिना २,२५० रुपये. यासाठी शाळा सुटता कामा नये.

मुलांशी खरं बोला. "बाबा गावाला गेलेत" असं सांगितलं की पोर रोज वाट बघतं. "बाबा आगीत गेले, आता परत येणार नाहीत, पण आम्ही तुझ्याजवळ आहोत," असं साध्या शब्दांत सांगावं. बाईकडेही लक्ष ठेवा. दीड-दोन महिन्यांनंतरही ती जेवत नसेल, आंघोळ टाळत असेल, "मी पण गेले असते तर बरं" म्हणत असेल, तर तिला एकटी सोडू नका आणि डॉक्टरकडे घेऊन जा.

आठवड्याचा एक डॉलर, आठवड्याचे दहा रुपये

अमेरिकेतही ही लढाई लढावी लागली. ३० जून २०१३ ला ॲरिझोना राज्यात यार्नेल हिल इथल्या वणव्यात एकाच तुकडीचे एकोणीस जवान गेले. आग एक, मरण एक. पण त्यांतले सहाच शहराचे कायम नोकर होते, बाकी तेरा हंगामी ठरवले गेले. त्यामुळे कायम नोकराच्या घरच्यांना शहराकडून मिळणारे लाभ या तेरा घरांना नाकारले गेले आणि विधवांना त्यासाठी झगडावं लागलं. हंगामी या एका शब्दाची किंमत तिथंही घरच्यांनीच मोजली.

तिथं बॉईझी शहरात वाइल्डलँड फायरफायटर फाउंडेशन नावाची संस्था आहे. १९९४ मध्ये कोलोरॅडोच्या वणव्यात चौदा जण गेल्यानंतर हे काम उभं राहिलं. जवान भाजला की त्याच्या घरच्यांना दवाखान्यापर्यंत आणणं, राहायची सोय करणं, गेल्यावर घराला तातडीचे पैसे देणं, ही त्यांची कामं. त्यांच्या एका वर्गणीचं नाव आहे बावन्न क्लब. आठवड्याला एक डॉलर, वर्षाचे बावन्न. मोठ्या देणगीदारावर सगळं सोडलेलं नाही, जवान स्वतः एकमेकांसाठी वर्गणी देतात.

आपल्याला हे जमणार नाही का? चाळीस घरांनी आठवड्याला दहा रुपये बाजूला टाकले तर वर्षाचे २०,८०० होतात. या पैशात कुणा भाजलेल्याच्या बायकोची ऐरोलीची जाण्यायेण्याची, जेवणाची सोय होईल. पोरांची फी भरता येईल. भरपाईची केस चालू असताना घरात धान्य राहील. हिशोबाची वही महिला मंडळाकडे ठेवा आणि दर पौर्णिमेला विहारात वाचून दाखवा.

माणसंही नेमा. एक बाई, जी त्या घरी आठवड्यातून एकदा, वर्षभर, जाईल. एक शिकलेला पोरगा, जो कागद वाचेल आणि कार्यालयात सोबत जाईल. एक जण, जो पेशंटचे व्यायाम होतात का ते बघेल. तिघं पुरेत.

डोंगरावर आग दिसली तर वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६. स्वतः विझवायला पोरांना वर पाठवू नका. आणि मोह वेचताना झाडाखालचा पाला पेटवणं, वाटेत विडी टाकणं, हे गावाकडच्या नातेवाइकांना फोन करून आवर्जून थांबवायला सांगा. बहुतेक वणवे माणसाच्याच हाताने लागतात, आणि विझवायला आपल्यासारख्याच घरातला कुणीतरी जातो.